देवळीतल्या बाटल्या

हे मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही, देवापाशीही नाही — देवापाशी तर मुळीच नाही, कारण जे झालं ते त्याच्या समोरच झालं. त्याला नव्यानं काय सांगायचं?

तुम्हाला सांगतोय म्हणून फुगू नका. तुम्ही माझे कोण लागता? कोणी नाही. म्हणून तर सांगतोय. ओळखीच्या माणसाला सांगितलं असतं तर त्यानं पाठीवर हात ठेवला असता. 'जाऊ द्या हो, होतं संसारात,' म्हणाला असता. मला तो हात नको आहे. बायको जाऊन अजून वर्ष झालेलं नाही, आणि जो येतो तो माझी पाठ थोपटून जातो. 'फार केलंत तुम्ही तिचं.' काय केलं? शेवटी गोळ्या दिल्या, उशी सरळ केली, पाणी पाजलं. एवढं केलं. त्याच्या आधी काय केलं ते या पाठ थोपटणाऱ्यांपैकी कुणाला माहीत आहे?

एकदम सांगता येत नाही. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडला. आधी घर सांगतो, मग माणसं, मग ते.

नायगावला खाडीच्या अंगाला आमचं घर आहे. तीन खोल्या, पुढे ओटी, मागे विहीर आणि चार केळी. आता भोवती टॉवर झालेत, घर मधे खड्ड्यात असल्यासारखं दिसतं. चौथीनंतर बापानं मला शाळेतून काढलं आणि मिठागरात नेलं. आगर बंद पडेपर्यंत मी मीठच ओढलं. नंतर एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसलो. बायको चांगुणा. मुलगी एकच, उशिरा झालेली — दीपाली.

मिठाचं एक सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. वाफ्यात खाडीचं पाणी उन्हानं आटत जातं आणि तळाला दाणा धरतो. पाण्याला धक्का लावला नाही तर दाणा मोठा होतो, चौकोनी, कोपरे असलेला. लाकडी फळी फिरवत राहिलं तर मोठा दाणा होत नाही, बारीक भरड पडते. मोठा हवा असेल तर गप्प बसायचं, बारीक हवा असेल तर ढवळायचं. एवढंच. हे मला शाळेनं शिकवलेलं नाही.

दीपाली लहान असताना माझा डबा घेऊन आगरात यायची. एकदा एक मोठा दाणा तळहातावर घेऊन मला विचारते, ''बाबा, याला कोपरे कोणी पाडले?'' मी म्हटलं, ''गुमान घरी जा, ऊन लागेल.'' असा बाप मी. दुसऱ्या कुठल्या बापानं सांगितलं असतं, किंवा निदान म्हटलं असतं, मला माहीत नाही बाय, तू शीक आणि मला सांग. मी घरी पाठवली. ती शिकली ती माझ्यामुळे नाही.

पुढे ती कॉलेजात गेली, त्याच्याही पुढे गेली. मुंबईत एका सरांच्या हाताखाली संशोधन करू लागली. काय करते ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. मग लॉकडाउन लागला. गाड्या बंद, कॉलेज बंद, तिची प्रयोगशाळा बंद. बंद व्हायच्या आदल्या दिवशी ती कापसात गुंडाळून काचेच्या लहान लहान बाटल्या घरी घेऊन आली. करंगळीएवढ्या. आत पाण्यासारखं पातळ काहीतरी, वास स्पिरिटसारखा. तोंडाला चंदेरी कागद, त्याला सुईनं भोकं पाडलेली. त्या भोकांतून आतलं पातळ हळूहळू उडून जाणार आणि तळाला दाणा धरणार. एक दाणा, स्वच्छ, न तडकलेला. तो मिळाला की त्याच्यावर क्ष-किरण सोडून आत काय आहे त्याचा नकाशा काढतात म्हणे.

म्हणजे बघा. मी जन्मभर जे केलं तेच. फक्त वाफ्याच्या जागी बाटली.

बाटल्या ठेवायच्या कुठे? जिथे धक्का लागणार नाही तिथे. चांगुणानं जागा दाखवली. ''देवळीत ठेव गो बाय. तिकडं कोन धक्का नाय मारत.'' आमच्या आतल्या खोलीच्या भिंतीत देवळी आहे, तिच्यात देव. देवांच्या मागे, कोनाड्याच्या तळाशी बाटल्या उभ्या राहिल्या. माझी म्हातारी आई असती तर तिनं दीपालीला बाटल्यांसकट बाहेर काढलं असतं. चांगुणानं देव पुढे सरकवून जागा करून दिली.

आणि दीपालीनं तिला सगळं समजावून सांगितलं. मला नाही — तिला. जी शाळेच्या पायरीला कधी शिवली नव्हती. ती ओट्याशी बोंबील साफ करत बसली होती, ही शेजारी स्टुलावर बसून हातवारे करत होती. मी ओटीवर पडलो होतो, झोपलोय असं दाखवून. सगळं ऐकलं. आजही पाठ आहे.

बाटलीत एका औषधी जिनसाचे रेणू आहेत, इतके बारीक की कशानं दिसायचे नाहीत. प्रत्येकाच्या टोकाला एक हायड्रोजन आहे. तो असतो आपल्याच रेणूचा, पण शेजारच्या रेणूत जो ऑक्सिजन आहे त्याच्याकडे ओढला जातो. घर एकीकडे, ओढ दुसरीकडे. त्या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. एकेकटी ओढ अगदी हलकी असते, जराशा उबेनं सुटते. पण सगळ्यांनी एकमेकांना धरलं की पाण्यासारख्या पातळातून दगडासारखा स्फटिक उभा राहतो. आता हे रेणू एकमेकांना कसे धरतात, दोघं दोघं समोरासमोर की एकामागे एक साखळीनं, ते कुणाला माहीत नव्हतं. ते दीपालीला शोधायचं होतं. त्यावरून ते औषध पाण्यात किती विरघळतं, पोटात किती लागू पडतं, ते कळणार होतं.

चांगुणानं बोंबलाचं डोकं उडवलं आणि विचारलं, ''म्हंजे फुगडी घालतात का एकमेकीचा पदर धरून रांगंनं चालतात, असंच ना?''

दीपाली स्टुलावरून उठून नाचायची बाकी राहिली. ''अगं आई, अगदी असंच! सरांना सांगते, माझी आई तुमच्यापेक्षा बरी शिकवते.''

त्या दिवसापासून बाटल्यांतल्या रेणूंना दोघी 'बाया' म्हणायला लागल्या. सकाळी उठल्या की, ''आज बाया काय म्हणतात गं?'' ''रुसल्यात गो, अजून हातात हात नाय घेतला.'' आणि खिदळायच्या. एवढंसं घर, बाहेर जायची बंदी, सोसायटीनं मला कामावर येऊ नको म्हणून सांगितलेलं. मी ओटीवर बसून ते खिदळणं ऐकायचो. जेवताना एकदा विचारलं, ''काय आहे त्या बाटल्यांत?'' दीपाली म्हणाली, ''बाबा, ते जरा किचकट आहे.''

आईला किचकट नव्हतं. मला होतं. मीठ ओढून हाताची सालं गेलेल्या माणसाला — दाणा कसा धरतो ते किचकट?

मग एकदा ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती. ''बाबांना नाही सांगत गं मी. त्यांना नाही कळणार, आणि नाही कळलं की ते चिडतात.''

खोटं बोलली नाही ती. मी चिडतो. जन्मभर चिडलोय. ताट आपटलंय, दार आपटलंय. पण हे ऐकून मी चिडलो नाही. गार पडलो. तुम्हाला हे कारण वाटत असेल तर तसं समजू नका, मी फक्त काय झालं ते सांगतोय.

सकाळ होती. दीपाली अंघोळीला गेली होती, चांगुणा विहिरीवर. मी आत गेलो, देवळीत वाकून पाहिलं. एका बाटलीच्या तळाशी दाणा धरला होता. तिळाएवढा. कोपरे असलेला. उजेड त्याच्यातून आरपार जात होता. खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. पोरीनं काय सुंदर दाणा धरलाय, असंच मनात आलं.

आणि मग मी बाटलीला नखानं टिचकी मारली. दाणा तळाला सुटा झाला. मी बाटली बोटांत धरून दोनदा हलवली आणि होती तिथे ठेवून दिली. तिच्या बाजूच्या बाटल्याही हलवल्या. ओटीवर येऊन बसलो. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाटल्यांच्या तळाला पिठासारखी पांढरी भरड पडली होती. फळी फिरवल्यावर पडते तशी.

दीपाली म्हणाली, ''होतं असं कधी कधी.'' तिनं ते सगळं परत उबेवर विरघळवलं, गाळलं, परत बाटल्यांत भरून देवळीत ठेवलं. गाळताना थोडं वाया गेलं. जिन्नस एवढाच होता, नवा करायला प्रयोगशाळा उघडी नव्हती.

एकदा केलं असतं तर मी राग म्हणालो असतो. तुम्हीही म्हणाला असता. पण मी परत केलं. आणि परत. आणि दर वेळी थांबून केलं. पातळात दाणा धरायच्या आधी हलवून काही होत नाही, पातळ पातळच राहतं. दाणा धरू लागला, डोळ्याला दिसला, की मग हात लावायचा. ही अक्कल मला मिठानं दिली होती. जन्मात एकदा ती शिकलेल्या माणसांच्या कामात वापरली, ती अशी.

दीपाली वाळायला लागली. शेजारच्या टॉवरचे खांब ठोकणारं मशीन कारण असेल म्हणाली, पण मशीन कधीचं बंद होतं, कामगार गावाला गेले होते. दारं आपटू नका म्हणाली. आम्ही दारं हळू लावायला लागलो. मीसुद्धा. मी सगळ्यांत हळू लावत होतो.

मग ती एका सकाळी लवकर उठली आणि तिला चांगुणा देवळीशी दिसली. हातात ओलं फडकं.

''आई, तू रोज पुसतेस हे?''

''रोजच पुसते गो. देवाची जागा. बाटल्यांना नाय हात लावत, भवतालनं हळू पुसते.''

''भवतालनं?'' दीपालीचा आवाज चढला. तो आवाज माझा होता, माझ्याकडूनच घेतलेला. ''अगं फडकं लागलं तरी हादरतं ते! किती वेळा सांगितलं, धक्का नको, धक्का नको! तुला फुगडी तेवढी कळली का? तुझ्या या पुसण्यापायी माझं सगळं गेलं!''

चांगुणानं माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभा होतो. म्हणाली, ''तुमी सांगा ना तिला. मी हळूच पुसते. तुमी बगितलंय.''

बघितलं होतं. रोज बघत होतो. तिचं पुसून झालं, ती विहिरीवर गेली, की माझी पाळी यायची. ती देवांच्या मागे हात असा न्यायची जसा झोपलेल्या पोराखालचा हात काढतात. कधी एक बाटली डुलली नाही.

आता ते. जे सांगायला एवढं फिरलो.

मी गप्प बसलो असतो तरी मी भेकड ठरलो असतो. पण मी गप्प बसलो नाही. मी म्हणालो, ''तुझ्या हाताला धीर कुठे आहे? जिथे तिथे फडकं मारत फिरतेस. पोरीचं वाटोळं केलंस.''

दीपाली म्हणाली, ''बघ. बाबासुद्धा सांगतायत.''

आणि मला बरं वाटलं. लिहितोय ते नीट वाचा. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी पोर माझ्या बाजूला उभी होती. ती आणि मी एकीकडे, आणि फडकं धरून उभी असलेली चांगुणा दुसरीकडे.

इथेच संपलं असतं तरी पुष्कळ होतं. पण ऐका. उरलेला जिन्नस दीपालीनं एकाच बाटलीत भरला, कपाटावर ठेवला, आणि आईला त्या खोलीत पाऊल टाकायची बंदी केली. मी त्या बाटलीला हात लावला नाही. तुम्हाला वाटेल, लाज वाटली असेल. नाही. आईला बंदी असताना दाणा मोडला असता तर आई सुटली असती. मग तिसरं माणूस घरात कोण? म्हणून मी हात आवरला. दाणा धरला. बारीक सुईसारखा, क्ष-किरणांना पुरणार नाही एवढा, कारण जिन्नसच उरला नव्हता — पण स्वच्छ. दीपालीनं तो आईला दाखवला. ''बघितलंस? हात लागला नाही की धरतो.''

चांगुणानं पाहिला आणि मान हलवली. तिला पटलं. हे मला आजवर उचलता आलेलं नाही, की तिला ते पटलं. भांडली असती, रडली असती, मला दोन शिव्या दिल्या असत्या, तर कदाचित माझ्या तोंडून निघालंही असतं. पण तिनं आपले हात उलटे सुलटे करून पाहिले आणि म्हणाली, ''वायटच हात माझे.''

पुढे कॉलेज उघडेपर्यंत परदेशातल्या कुणीतरी तोच जिन्नस घेऊन दाणा काढला, नकाशा काढला, छापला. रेणूंच्या जोड्या निघाल्या, फुगडीसारख्या. सरांनी दीपालीला दुसरा विषय घे म्हणून सांगितलं. तिच्यात तेवढी उमेद उरली नव्हती. तिनं ते सोडलं, शाळेत विज्ञान शिकवायला लागली, लग्न झालं, पलीकडच्या टॉवरमधे राहायला गेली. आईशी बोलायची. जपून बोलायची, पाहुण्यांशी बोलतात तसं. 'बाया' हा शब्द आमच्या घरात परत कुणी काढला नाही.

चांगुणानं देवळी पुसणं सोडलं. लांबून हात जोडायची. लोणचं घालताना शेजारणीला बोलवायची, ''तू कालव गो, माझा हात नको.'' आणि दीपालीला मुलगी झाली तेव्हा आम्ही बघायला गेलो. सगळ्यांनी बाळ घेतलं. मी घेतलं. चांगुणा भिंतीला टेकून बसली, हात पदराखाली. दीपालीची सासू म्हणाली, ''घ्या की विहीणबाई, आजी ना तुम्ही?'' तर म्हणते, ''ऱ्हाऊ द्या. माझ्या हातनं काय झालं म्हंजे?'' दीपालीला वाटलं, आईनं अढी धरलीय. तिनं तोंड फिरवलं. मी मधे बसलो होतो, बाळ माझ्या मांडीवर. एक वाक्य बोलायचं होतं. मी बाळाच्या टाळूवरून हात फिरवत बसलो.

मग चांगुणा आजारी पडली आणि गेली. आजार लांबला होता, वेळ भरपूर होता. मी रोज तिच्या उशाशी बसायचो. रोज. ती कधी कधी विचारायची, ''बाय येनार हाय का आज?'' मी म्हणायचो, येईल. सांगायला याच्यापेक्षा सोपी वेळ असते का कधी? मरणाऱ्या माणसाला खरं सांगून त्याला कशाला त्रास, असं मी स्वतःला समजावलं. त्रास तिला झाला नसता. ती सुटली असती. त्रास मला झाला असता, आणि पोर तुटली तर पुढे मला जेवण कोण देणार, कपडे कोण धुणार, याचीही काळजी माझ्या मनात होती. एवढा हिशोबी मी.

तेरावं झाल्यावर नातेवाईक पांगले आणि दीपालीनं पदर खोचून देवळी साफ केली. किती दिवसांची धूळ ती. सगळे देव खाली उतरवून पुसले, परत मांडले. मग माझ्याजवळ येऊन बसली, माझा हात धरला आणि म्हणाली, ''बाबा, आईवरचा राग मी सोडलाय हं. तिनं काय मुद्दाम थोडंच केलं होतं? माफ केलं मी तिला.''

मी म्हणालो, ''हं.''

काय करू, तेवढंच निघालं. हं. बायको जळून राख झालेली, मुलगी समोर रडतेय, खोलीत तिसरं कुणी नाही — आणि माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला, ज्यानं जन्मभर कुणाची भीड ठेवली नाही, त्याला एका अक्षराच्या पुढे जाता आलं नाही. तोंडाळ म्हणजे धीट नव्हे, हे मला या वयात कळलं. कळून उपयोग काय?

त्यानंतर दोनदा तिच्या घरी गेलो, सांगायचं म्हणूनच. लिफ्टनं वर गेलो, चहा प्यालो, नातीशी खेळलो, खाली आलो. दुसऱ्यांदा तर तिनं विचारलंही, ''काही बोलायचंय का बाबा?'' मी म्हटलं, ''साखर जास्त झाली.''

तोंडानं होत नाही म्हणून हे लिहिलं. हे कुठे छापलं जाईल ते मला ठाऊक आहे. तो अंक दीपालीच्या शाळेत येतो, ती वाचते. शेजारीपाजारीही वाचतील. वाचू देत. पाठ थोपटणारे तरी यायचे बंद होतील.

दीपाली, बाटल्या मी हलवत होतो. दर वेळी मीच. तू मला बाप म्हणणार की नाही, घरी येणार की नाही, मुलीला माझ्याकडे पाठवणार की नाही, ते तुझं तू बघशील, मी काही म्हणत नाही. तू माफी दिलीस ती जिला दिलीस तिला तिची गरज नव्हती, आणि ती मला मिळावी म्हणून मी हे लिहिलेलं नाही.

तुझी आई भवतालनं हळूच पुसायची. तिनं सांगितलं ते खरं होतं.